शाळेतला पोवाडा (नागपूर)

शाळेतला पोवाडा म्हणजे लढाईवरच्या कविता-गाणी पुस्तकातून शिकवायच्या आधी पोरांना शाहिराच्या तोंडून, समोर बसवून ऐकवणं. नागपुरात शाळा यासाठी बहुतेक शिवजयंती नाहीतर 15 ऑगस्ट धरतात, पण 26 जुलैचा कारगिल विजय दिवस जास्त सोयीचा, कारण विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, तेव्हा परीक्षेचं टेन्शन नसतं.

सामग्री जुनी आहे. 1659 च्या अफझलखान वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि सिंहगडच्या 1670 च्या लढाईवरचा तुळशीदासाचा, हे आपल्याकडचे सगळ्यात जुन्यांपैकी. वाचायला घेतले तर पोट्टे दुसऱ्या ओळीलाच अडकतात, पण तेच कोणी उभं राहून गायलं, मध्येच थांबून साध्या बोलीत पुढची गोष्ट सांगितली, की अवघड शब्दही निघून जातात, कारण मुळात हे ऐकायसाठीच रचलेलं आहे.

पोरांना आधीपासूनच बसवावं. पावसाळ्यात डफाचं कातडं सैल पडतं, म्हणून शाहीर कागद पेटवून त्यावर डफ शेकतो, बोटानं टिचकी मारून बघतो, बद्द वाजला की परत शेकतो, आवाज खणखणीत आला की मगच उभा होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतले पोरं पुढे सरकून आलेले असतात. मग तुणतुणं, झांज आणि मागे सूर ओढणारे झीलकरी. चांगला शाहीर थोड्याच वेळात सगळ्या हॉललाच झीलकरी करून टाकतो आणि ‘जी जी रं जी’ पोरंच ओढतात. माईकचा आवाज फार मोठा ठेवला तर ही मजा जाते, पोरांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही.

नागपूरचं स्वतःचं पण खूप आहे. सीताबर्डीची लढाई 26-27 नोव्हेंबर 1817 ची, आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली, 27 ला सकाळी अरब सैनिकांनी लहान टेकडी घेतली होती, ती परत इंग्रजांकडे गेली आणि आपण हरलो. त्या टेकडीजवळून पोरं रोज ये-जा करतात. शाळेत फक्त जिंकलेल्याच लढाया गायल्या जातात हे चुकीचं आहे, हारलेली लढाई जास्त प्रश्न विचारायला लावते. दुसरं म्हणजे तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं. 1942 च्या आंदोलनात त्या भजनांनी चिमूर-आष्टी भाग पेटला, महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. खंजिरी लहान असते, पाचवीतलं पोरगंही धरू शकतं, म्हणून ऐकून झाल्यावर हातात द्यायला तीच बरी. नववी-दहावीला दुसरं महायुद्ध शिकवताना अण्णा भाऊ साठेंचा स्टॅलिनग्राडवरचा पोवाडा घ्यावा, लांबच्या रशियातली लढाई आपल्या चालीत ऐकली की धडा वेगळाच कळतो.

एक काळजी मात्र नक्की घ्यावी. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, त्यामुळे इकडच्या वर्गांत फौजेतल्या घरची पोरं असतात, एखाद्याचे बाबा त्याच वेळी सीमेवर असू शकतात. शाहिराला हे आधीच सांगून ठेवावं, आणि मरणाचं कडवं आलं की लगेच टाळ्या मागायच्या नाहीत, थोडं थांबायचं.