अर्ध्या प्याद्याचा हिशेब

संगणकाला बुद्धिबळ खेळायला शिकवायचे झाल्यास काय करावे लागेल, या विषयावर क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाचा शोधनिबंध 1950 साली प्रसिद्ध झाला. पटावरची स्थिती कोणाच्या बाजूची आहे हे यंत्राला समजावे, म्हणून त्याने नमुन्यादाखल एक सूत्र दिले होते. त्यात वजिराला 9, हत्तीला 5, उंट आणि घोडा यांना प्रत्येकी 3 आणि प्याद्याला 1 असे गुण होते. इथपर्यंत नवे काही नव्हते. गंमत पुढच्या दोन पदांत आहे. एकाच पट्टीत, म्हणजे पटावरच्या उभ्या रांगेत, एकामागे एक आलेली दुहेरी प्यादी, सोबत्यांच्या मागे पडलेले प्यादे आणि शेजारच्या पट्ट्यांत सोबती नसलेले एकाकी प्यादे, यांतील प्रत्येक व्यंगामागे अर्धा गुण वजा करायचा आणि मोहऱ्यांना उपलब्ध असलेल्या प्रत्येक खेळीमागे एक दशांश गुण वाढवायचा, असे शॅननने सुचवले होते. अंक ढोबळ होते, पण जमेला काय धरायचे आणि नावे काय टाकायचे, हे त्याला बुद्धिबळपटूंच्या जुन्या शहाणपणातून आयते मिळाले होते. ते खातेपुस्तक सर्वांत हट्टाने लिहून काढले ते प्रागच्या एका शिंप्याच्या मुलाने. त्याने तीनदा शहर बदलले आणि दोनदा देश.

विल्हेल्म स्टाइनिट्झचा जन्म मे 1836 मध्ये प्रागच्या ज्यू वस्तीत झाला. बाराव्या वर्षाच्या सुमारास तो बुद्धिबळ शिकला आणि विशी ओलांडल्यावर गणित शिकण्यासाठी व्हिएन्नाच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला. ते शिक्षण पुरे झाले नाही. कॉफीगृहांत पैजेवर डाव खेळून चार पैसे मिळतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. 1861 सालच्या व्हिएन्नाच्या स्पर्धेत त्याने 31 पैकी 30 गुण मिळवले आणि लोक त्याला ‘ऑस्ट्रियाचा मॉर्फी’ म्हणू लागले. न्यू ऑर्लिन्सच्या पॉल मॉर्फीने तीनच वर्षांपूर्वी युरोपात येऊन तिथल्या नामवंतांना नमवले होते, तेव्हा ही पदवी लहान नव्हती. पुढच्या वर्षी लंडनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो सहावा आला, लगोलग पाचव्या आलेल्या दुबोआला सामन्यात हरवले आणि व्हिएन्नाला परत न जाता लंडनलाच राहिला. त्यानंतरची वीस वर्षे हे परके शहरच त्याचे घर झाले. क्लबात आलेल्या हौशी गृहस्थांशी पैसे लावून खेळणे, डोळ्यांवर पट्टी बांधून प्रयोग करणे आणि नियतकालिकांत लिहिणे यांवर त्याचे पोट चालत असे. बुद्धिबळ हा सज्जनांनी फावल्या वेळी खेळायचा खेळ आहे, असे मानणाऱ्या मंडळींत आपल्या कष्टांचा मोबदला उघडपणे मागणारा हा ठेंगणा, लंगडत चालणारा परदेशी फारसा लोकप्रिय झाला नाही, यात नवल नाही.

त्या काळचा खेळ कसा होता, हे कळल्याशिवाय स्टाइनिट्झने काय केले ते उमगणार नाही. डाव सुरू होताच एखाददुसरे प्यादे देऊन पट मोकळा करायचा, मोहरी भराभर बाहेर काढायची, समोरच्या राजावर तुटून पडायचे आणि गरज पडली तर हत्ती-घोड्यांचाही बळी द्यायचा, ही रीत होती. समोरच्याने तो बळी स्वीकारणे हाही शिष्टाचाराचाच भाग असल्यासारखे वातावरण होते. या शैलीचा मेरुमणी म्हणजे ब्रेसलाऊचा अॅडॉल्फ अँडरसन, आणि तो पेशाने गणिताचा शिक्षक होता. म्हणजे आकडेमोडीशी रोजचा संबंध असलेला माणूस पटावर कवी होता आणि गणित अर्धवट सोडलेला माणूस पुढे हिशेबनीस झाला. 1866 मध्ये या दोघांचा लंडनला सामना झाला. त्यात चौदा डाव झाले, एकही बरोबरीत सुटला नाही, आणि स्टाइनिट्झने 8-6 असा विजय मिळवला. तोवर स्वतः स्टाइनिट्झही त्याच तलवारबाजीचा खेळाडू होता.

बदल दिसला तो 1873 च्या व्हिएन्ना स्पर्धेत. तिथे त्याने जोसेफ ब्लॅकबर्नबरोबर पहिला क्रमांक विभागून मिळवला आणि निर्णायक लढतीत त्याला हरवले. त्या स्पर्धेतल्या अखेरच्या डावांपासून सुरू झालेली त्याच्या सलग विजयांची मालिका पंचवीस डावांपर्यंत गेली. 1876 मध्ये याच ब्लॅकबर्नला त्याने 7-0 असे धुऊन काढले, तेही तिच्यातच मोजले जाते. पण प्रेक्षकांना त्याचे नवे डाव पाहून जरा फसवल्यासारखे वाटे. कुठे काही घडत नसे, दोन्हीकडची मोहरी बराच वेळ आपापल्या जागी सरकत असत, आणि अचानक ध्यानात येई की प्रतिस्पर्ध्याला हलायला जागाच उरलेली नाही.

यामागचा विचार एका तराजूत मावतो. डावाच्या आरंभी दोन्ही पारडी जवळपास समतोल असतात. दोघांनीही बिनचूक खेळ केला तर ती तशीच राहायला हवीत, आणि समतोल असताना केलेला हल्ला, तो कितीही देखणा असला तरी, योग्य बचावापुढे फसलाच पाहिजे. यशस्वी हल्ल्याच्या आधी कधी तरी समोरच्याच्या हातून चूक झालेली असते आणि पारडे कललेले असते. मग हल्ल्याचे श्रेय केवळ हल्लेखोराच्या प्रतिभेला देण्यात अर्थ नाही. पारडे केव्हा आणि कशाने कलले, हे शोधायला हवे. स्टाइनिट्झने हा शोध घेतला आणि त्याला असे दिसले की, पारडे बहुधा एका मोठ्या चुकीने कलत नाही. ते एकेका चिमटीने कलते. एखादे मोकळे घर, एखादी मोकळी पट्टी, समोरच्याकडे एकच उंट असताना आपल्याकडे असलेले दोन उंट, यांतली एक गोष्ट डाव जिंकून देत नाही. पण अशा चार गोष्टी साठल्या की पाचवी जिंकून देते. वरचढ असलेल्याने मात्र वेळेवर हल्ला चढवलाच पाहिजे, नाहीतर साठवलेले हळूहळू निसटून जाते, आणि तो हल्ला समोरच्याच्या सर्वांत कच्च्या जागेवरच करायला हवा.

या हिशेबात प्याद्याला जे स्थान मिळाले ते पूर्वी कुणी दिले नव्हते. आपल्याकडच्या देशी खेळात प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, सर्वांत मानाची समजली जाई, पण तो मान डावाच्या अखेरीचा. स्टाइनिट्झ प्याद्यांकडे पहिल्या खेळीपासून पाहू लागला, आणि त्याचे कारण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच पटेल. घोडा चुकीच्या घरात गेला तर परत आणता येतो. प्यादे परत फिरत नाही. पटावर ज्या क्रिया उलटवता येत नाहीत त्यांत प्याद्याच्या खेळीसारखी रोजची क्रिया दुसरी नाही, म्हणून प्याद्याने मागे ठेवलेले व्यंग हे टिकाऊ व्यंग असते. किल्लेकोट केलेल्या, म्हणजे हत्तीच्या जोडीने कोपऱ्याकडे सुरक्षित नेलेल्या, राजापुढची तीन प्यादी एका ओळीत जागच्या जागी असली, तर त्यांच्या पुढच्या घरांवर सहसा कुणाला ठाण मांडता येत नाही. त्यांतले मधले प्यादे एक घर पुढे सरकले, की त्याच्या दोन बाजूंची दोन घरे प्याद्यांच्या पहाऱ्याला कायमची मुकतात. अशा घराला स्टाइनिट्झ भोक म्हणत असे. त्या भोकात शत्रूचा घोडा येऊन बसला, की त्याला हाकलायला प्यादे उरलेले नसते आणि त्यासाठी मोठे मोहरे खर्ची घालावे लागते.

लंडनमध्ये ‘द फील्ड’ या साप्ताहिकातले बुद्धिबळाचे सदर त्याने 1873 पासून नऊ वर्षे चालवले. डावांचे इतके कसून पृथक्करण तोवर क्वचितच कुणी छापले होते, आणि इतकी भांडणेही क्वचितच कुणी ओढवून घेतली होती. प्रतिस्पर्धी मासिकातल्या योहान्स झुकरटोर्ट आणि त्याच्या सहकाऱ्याशी झालेली लेखणीची लढाई इतकी विकोपाला गेली, की पटावरचे वैर त्यापुढे सौम्य वाटावे. पुढे ते सदर हातून गेले. 1883 च्या लंडन स्पर्धेत झुकरटोर्ट 26 पैकी 22 गुणांनी पहिला आला आणि स्टाइनिट्झ तीन गुणांनी मागे राहून दुसरा. त्याच वर्षी त्याने लंडन सोडून न्यूयॉर्क गाठले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नव्या देशात बिऱ्हाड मांडणे सोपे नव्हते, पण अमेरिकेत त्याला व्याख्याने आणि प्रयोग मिळत होते. 1885 मध्ये त्याने तिथे स्वतःचे ‘इंटरनॅशनल चेस मॅगझिन’ सुरू केले.

जगज्जेतेपदाचा पहिला अधिकृत सामना याच दोघांत 1886 च्या जानेवारीत न्यूयॉर्कला सुरू झाला. प्रत्येकी 2000 डॉलरची पैज होती आणि दहा डाव आधी जिंकेल तो विजयी. न्यूयॉर्कच्या पाच डावांनंतर झुकरटोर्ट 4-1 असा पुढे होता. सेंट लुईसला स्टाइनिट्झने तीन डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला, आणि गाडी 4-4 वर आली. यातला नववा डाव सवडीने पटावर मांडून पाहण्यासारखा आहे. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या झुकरटोर्टची दोन प्यादी मधल्या भागात शेजारी शेजारी उभी होती. दिसायला ती रुबाबदार होती, त्यांच्यामागे मोहऱ्यांना ऐसपैस जागाही होती, पण त्यांच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत त्यांना आधार देणारे एकही प्यादे नव्हते. स्टाइनिट्झने त्यांच्यावर घाईने हल्ला केला नाही. त्याने हत्ती आणि वजीर त्यांच्या समोर आणून उभे केले, एकेका मोहऱ्याची मारामारी करून पट हलका केला आणि झुकरटोर्टच्या उरलेल्या मोहऱ्यांना त्या दोन प्याद्यांची राखण करायला बांधून ठेवले. राखणीला बसलेले मोहरे लढू शकत नाही. शेवटी झुकरटोर्टने हल्ल्याचा जुगार खेळला आणि तो फसला. आजही प्रशिक्षक आधारहीन प्याद्यांची जोडी शिकवताना याच डावाकडे वळतात. न्यू ऑर्लिन्सच्या अखेरच्या टप्प्यात झुकरटोर्ट कोसळला आणि सामना दहा विजय, पाच पराभव आणि पाच बरोबऱ्या असा स्टाइनिट्झने जिंकला.

1888 मध्ये त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि विल्हेल्मचा विल्यम झाला. त्याच वर्षी त्याची मुलगी फ्लोरा वारली. पुढच्या वर्षी ‘मॉडर्न चेस इन्स्ट्रक्टर’ या पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग निघाला आणि त्यातल्या मतांवरून रशियाच्या मिखाइल चिगोरिनशी त्याचा वाद पेटला. चिगोरिनशी तो हवानाला 1889 आणि 1892 मध्ये दोनदा खेळला आणि दोन्हीदा जिंकला. मधल्या काळात, 1890-91 मध्ये, दोघांनी तारेवरून, म्हणजे टेलिग्राफने खेळ्या कळवत, दोन डाव खेळले. स्टाइनिट्झने पुस्तकात डावाच्या प्रारंभाच्या खेळ्यांविषयी जी मते छापली होती, नेमकी तीच पटावर पणाला लावायची, असा त्या डावांचा हेतू होता. एकात त्याने राजाच्या बाजूचा घोडा मधल्या भागाकडे आणण्याऐवजी पटाच्या कडेच्या पट्टीत नेऊन ठेवला. बघणाऱ्यांना ती खेळी विचित्र वाटली. दोन्ही डाव तो हरला.

इथे त्याच्या स्वभावाबद्दल बोलायला हवे, कारण तो त्याच्या विचाराला चिकटूनच येतो. आपल्या सिद्धांतावर विश्वास असेल तर त्याची परीक्षा सर्वांत गैरसोयीच्या स्थितीत घ्यायची, अशी त्याची खोड होती. राजा हा स्वतःचे रक्षण करू शकणारा बलवान मोहरा आहे, हे त्याचे आवडते मत. ते सिद्ध करायला त्याने एक प्रारंभच, म्हणजे डावाच्या पहिल्या खेळ्यांचा ठरीव क्रम, रूढ केला. त्यात काळा वजीर चौथ्याच खेळीत शह देतो आणि पांढरा राजा किल्लेकोटाचा हक्क गमावून, वजीर-उंटांच्या वाटा अडवत, एक घर पुढे येऊन उभा राहतो. त्याने अशा स्थितीत अनेक डाव जिंकले आणि काही फार वाईट हरलाही. माझ्या मते त्याचा सिद्धांत त्या राजापेक्षा पुष्कळ शहाणा होता.

1894 मध्ये जगज्जेतेपदाच्या सामन्यात पंचवीस वर्षांच्या इमॅन्युएल लास्करने अठ्ठावन्नाव्या वर्षात असलेल्या स्टाइनिट्झला हरवले. पहिले सहा डाव दोघे बरोबरीत होते, नंतर स्टाइनिट्झ सलग पाच डाव हरला. पुढच्याच वर्षी हेस्टिंग्जला मात्र त्याने कुर्ट फॉन बार्डेलेबेनविरुद्ध जे केले ते विसरणे अवघड आहे. त्याचा हत्ती काळ्या राजाला चिकटून सातव्या ओळीत शिरला आणि एकामागून एक शह देत राहिला. राजाला तो मारता येईना, वजिरालाही मारता येईना, आणि स्टाइनिट्झची जवळपास सगळी मोहरी त्या वेळी मारीवर होती. शह थांबला असता तर त्यालाच मात झाली असती. बार्डेलेबेनने पटाकडे पाहिले आणि डाव न सोडताच तो दालनाबाहेर निघून गेला. मग स्टाइनिट्झने जमलेल्यांना दहा खेळ्यांतली मात मांडून दाखवली. काटेकोर हिशेब करणारा हा माणूस कवितेला मुकलेला नव्हता, फक्त ती पारडे कलल्यावरच लिहायची, असे त्याने ठरवले होते.

मॉस्कोतल्या परतीच्या सामन्यात लास्करने त्याला दोनच डाव जिंकू दिले. त्यानंतर त्याचे मानसिक संतुलन ढळले आणि काही आठवडे तो तिथल्या रुग्णालयात होता. 12 ऑगस्ट 1900 रोजी न्यूयॉर्कच्या वॉर्ड्स बेटावरील मनोरुग्णालयात तो निर्धन अवस्थेत मरण पावला. त्याचा विचार सुसंगत तत्त्वांच्या रूपात मांडण्याचे काम पुढे लास्करने केले, जो स्वतः गणितज्ञ होता आणि ज्याचे नाव बीजगणितातल्या एका प्रमेयाला आहे. आज आपण ‘स्टाइनिट्झचे नियम’ म्हणून जे वाचतो त्याचा नेटकेपणा बराचसा लास्करचा आहे. स्टाइनिट्झने ते डावांवरच्या टिपणांत आणि भांडणांत विखरून ठेवले होते.

तारेवरच्या डावात हसू झालेल्या त्या कडेच्या घोड्याचे मात्र पुढे काही झाले. 1963 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या स्पर्धेत, पुढे जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरने आर्थर बिस्गायरविरुद्ध नवव्या खेळीला घोडा नेमका त्याच घरात नेला. बिस्गायरने उंट देऊन तो घोडा मारला, उंट परत घेताना फिशरची कडेची प्यादी दुहेरी झाली, म्हणजे शॅननच्या सूत्राप्रमाणे अर्धा गुण गेला. बदल्यात फिशरकडे दोन उंट राहिले. डाव फिशरने जिंकला.