कृष्णविवर-सक्रियतेचे मूलभूत प्रतल

कृष्णविवराच्या परिसरातून येणाऱ्या रेडिओ लहरींची तेजस्विता, क्ष-किरणांची तेजस्विता आणि कृष्णविवराचे वस्तुमान यांना जोडणारा, निरीक्षणांतून हाती आलेला संबंध. लॉगरिदमच्या तीन अक्षांवर ही मूल्ये मांडली की बिंदू एका सपाट पृष्ठभागालगत गोळा होतात, म्हणून ‘प्रतल’. लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या मूलभूत प्रतलाशी त्याचे साम्य नावापुरतेच.

आंद्रेआ मेर्लोनी, सेबास्टियन हाइन्झ व तिझियाना दी मात्तेओ यांनी २००३ मध्ये हा संबंध मांडला. हाइनो फाल्के व सहकारी २००४ मध्ये वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचले. मेर्लोनींच्या समीकरणानुसार ५ गिगाहर्ट्झ या वारंवारतेला मोजलेली रेडिओ तेजस्विता क्ष-किरण तेजस्वितेच्या ०.६ व्या आणि वस्तुमानाच्या ०.७८ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे क्ष-किरण तेवढेच असताना वस्तुमान दसपट झाले, तर रेडिओ उत्सर्जन सुमारे सहापट होते. सूर्याच्या दहापट वजनाचे, शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढणारे विवर आणि दीर्घिकेच्या केंद्रातले अब्जावधी सूर्यांइतके विवर एकाच नियमात बसावे, हे खरे नवल.

विवर स्वतः अंधारेच. क्ष-किरण त्याच्या अगदी जवळच्या तप्त वायूतून किंवा विवरालगतून वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या पदार्थाच्या झोताच्या बुडाशी निघतात. रेडिओ लहरी झोतात, चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून. दोन्हींचा जोर किती वायू आत पडतो यावर ठरतो आणि झोताची रचना वस्तुमानानुसार लहान-मोठी होत जाते. मात्र विवर मंद गतीने वायू गिळत असेल तेव्हाच हे जुळते. आहार वाढून विवराभोवती फिरणाऱ्या वायूची तबकडी प्रखर झाली की ताराद्वैतांतला (विवर व शेजारचा तारा यांच्या जोडीतला) झोत मावळतो आणि गणित मोडते.

रेडिओ लहरी व क्ष-किरण मोजून उलट वापरल्यास हे समीकरण विवराचा तराजू होते. हेनाइझ २-१० या बटू (आकाराने लहान) दीर्घिकेतील विवराचे वजन २०११ मध्ये असेच काढले गेले: सुमारे २० लाख सूर्य. तराजू ओबडधोबडच, एकाच दीर्घिकेच्या बाबतीत उत्तर दसपटीनेही चुकू शकते. शिवाय क्ष-किरण झपाट्याने बदलतात, त्यामुळे दोन्ही मोजमापे शक्यतो एकमेकांच्या जवळच्या काळातली लागतात. नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण १.५ गिगाहर्ट्झच्या खाली पाहते, म्हणून तिच्या नोंदी या समीकरणात घालताना आधी ५ गिगाहर्ट्झला रूपांतरित कराव्या लागतात.