पुडी विपणन

पुडी विपणन (सॅशे विपणन) : रोजच्या वापराची वस्तू एका वापरापुरत्या किंवा दोन-चार दिवस पुरेल अशा छोट्या पुडीत भरून, सुट्ट्या नाण्यांत बसणाऱ्या ठरलेल्या किमतीला विकण्याची व्यापारनीती. शॅम्पू, केसांचे तेल, धुण्याची पावडर, चहा, कॉफी, बिस्किटे, फरसाण, लोणचे हा तिचा नेहमीचा माल. बोलीभाषेत तिला वेगळे नाव नाही. गिऱ्हाईक ‘दोनवाली पुडी द्या’, ‘पाचवाला पुडा द्या’ म्हणते आणि दुकानदाराला कळते. वस्तू किमतीच्या नावाने मागितली जाते, यातच या नीतीचे मर्म आहे. एरवी आधी माल तयार होतो, त्यावर खर्च आणि नफा चढवून किंमत लागते. इथे किंमत आधी छापून होते आणि मालाला तीत मावावे लागते.

पूर्वपीठिका : वाण्याच्या दुकानात पुडी जुनीच. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली, वर टांगलेल्या रिळाच्या दोऱ्याने बांधलेली छटाकभर साखर किंवा चहा रोजंदारीवरच्या घरांत रोज संध्याकाळी जाई. ज्या घरात पैसा रोजचा रोज येतो, तिथे महिन्याचा किराणा एकदम भरला जात नाही, हे वाण्याला कोणी शिकवावे लागले नाही. स्वातंत्र्यापूर्वी चहा कंपन्यांनी एका पैशाची चहापुडी काढली, तीही याच गिऱ्हाइकासाठी. फिलिपिन्समध्ये अशा सुट्ट्या खरेदीला ‘तिंगी’ म्हणतात आणि तिथली घरगुती दुकाने तिच्यावरच चालतात.

भारतात शॅम्पूची पुडी रुजली ती तमिळनाडूत. कडलूरचे चिन्नी कृष्णन यांचे म्हणणे असे, की श्रीमंत जे वापरतो ते मजुरालाही परवडले पाहिजे. औषधी मीठ, टाल्कम पावडर असा माल त्यांनी छोट्या पाकिटांत विकून पाहिला. पुढे ‘वेल्वेट’ शॅम्पूची पुडी त्यांच्या घरातूनच बाजारात आली. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी घरच्या धंद्यातून बाहेर पडून १९८३ मध्ये पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर ‘चिक’ शॅम्पू सुरू केला. आजची केविनकेअर ती हीच कंपनी. त्यांची माणसे गावोगाव जात, एखाद्या पोराचे डोके सगळ्यांदेखत धुऊन देत आणि जमलेल्यांना त्याच्या केसांवरून हात फिरवायला सांगत. कोणत्याही कंपनीच्या रिकाम्या पुड्या आणून द्या आणि चिकची भरलेली पुडी फुकट घ्या, अशी योजना त्यांनी काढली. गिऱ्हाइकांना सवय लागल्यावर फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या घ्यायला सुरुवात केली. स्पर्धकाचे गिऱ्हाईक त्याच्याच कचऱ्यातून शोधून काढण्याचा इतका स्वस्त मार्ग क्वचितच कोणाला सुचला असेल.

उलटा हिशेब : पुडी काढू पाहणाऱ्या छोट्या कारखानदाराने कागद-पेन्सिल घेऊन छापील किमतीपासून खाली उतरत यावे. मानीव आकड्यांचे एक उदाहरण घेऊ. फरसाणाच्या पुडीवर पाच रुपये छापले. दुकानदाराला ती चार रुपयांना पडली पाहिजे, नाहीतर तो ती पुढे टांगणार नाही. वितरकाचे तीस पैसे गेले, राहिले ३.७०. त्यातून पाच टक्के जीएसटी काढला की ३.५२. छापील फिल्मचे (पुडीच्या वेष्टनाचे) ४५ पैसे, खोका आणि वाहतुकीचे ४०, फुटलेल्या व परत आलेल्या मालाचे १०. हातात २.५७ उरले. फरसाण कारखान्यात १८० रुपये किलोने तयार होत असेल, तर १२ ग्रॅमचे २.१६ झाले. नफा ४१ पैसे. आता बेसन आणि तेल महागून तेच फरसाण २१० रुपयांवर गेले, तर १२ ग्रॅमना २.५२ लागतात आणि पाच पैसे उरतात. मोठ्या पाकिटाची किंमत अशा वेळी दोन रुपयांनी वाढवता येते. पाचाच्या पुडीवर साडेपाच छापता येत नाहीत, कारण अर्धा रुपया कोणाच्याच गल्ल्यात नसतो. मग १२ चे १० ग्रॅम होतात. पुडीतली हवा वाढते. गिऱ्हाइकाला कळत नाही असे नाही, पण ते पाच रुपयेच देत असल्याने कुरकुर करून घेते.

आकडे मांडले की एक गोष्ट ठळक दिसते. फिल्म, खोका, वाहतूक यांचा वाटा पुडीत मोठा असतो आणि वजन घटवले तरी तो घटत नाही. म्हणून वजन किती घटवता येईल याचा तळ आधीच ठरवून ठेवावा लागतो. तो न ठरवता पुडी काढणारे, खप वाढत असतानाच बुडतात. कोका-कोलाने २००३ मध्ये २०० मिलिलिटरची बाटली पाच रुपयांना आणली. खेड्यापर्यंत ती पोचली, पण ती किंमत फार काळ टिकवता आली नाही.

खिळा : किराणा दुकानाच्या दर्शनी भागात, गल्ल्याच्या वर, पुड्यांच्या माळा लोंबत असतात. दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलता बोलता खालची पुडी टर्रकन फाडून देतो. तो खिळा म्हणजेच या धंद्यातली जाहिरात. एका दुकानात खिळे मोजकेच असतात. माळ संपली आणि कंपनीचा माणूस त्या आठवड्यात फिरकला नाही, तर त्याच खिळ्यावर दुसऱ्याची माळ चढते आणि ती उतरवणे महाग पडते. त्यामुळे नवख्याने दोन जिल्ह्यांतल्या हजार दुकानांत एकदा माल टाकण्यापेक्षा एकाच तालुक्यातली दोनशे दुकाने दर आठवड्याला नेमाने करावीत, हे बरे. दुकानदाराला टक्केवारीपेक्षा माल किती लवकर फिरतो याची गोडी जास्त असते. महिनाभर धूळ खाणाऱ्या पुडीवर वीस टक्के सुटत असले तरी त्याला त्याचे कौतुक नसते.

पुडी ही चव दाखवण्यासाठी आहे की कायमच्या विक्रीसाठी, हेही आरंभीच ठरवावे लागते. पुडीवर सुरुवात करणारा उद्या बाटली घेईल, ही अपेक्षा शॅम्पूत फारशी खरी ठरली नाही. स्पर्धेमुळे पुडीतला शॅम्पू मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडू लागला. हिशेबी घरांत मग बाटली एकदाच आली आणि पुढे माळच घरी येऊ लागली.

सप्टेंबर २०२५ : किमतीची ही पकड किती घट्ट आहे, ते २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर उतरले तेव्हा दिसले. शॅम्पू आणि बिस्किटांवरचा कर १८ टक्क्यांवरून पाचवर आला. कर उतरला की किंमत उतरावी, हे सरळच. पण पाचाचा बिस्किटपुडा ४.४५ ला, रुपयाची गोळी ८८ पैशांना आणि दोनाची शॅम्पूपुडी १.७७ ला अशा किमती झाल्या. त्या द्यायच्या कशा? सुटे पैसे नसले की हातात गोळी ठेवणाऱ्या दुकानदाराला आता गोळीचेच सुटे लागणार होते. कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवण्याचा मार्ग धरला.

इतर क्षेत्रे : मोबाइलचा दहा रुपयांचा रिचार्ज हा याच घराण्यातला. २०२५ मध्ये म्युच्युअल फंडात २५० रुपयांची ‘छोटी एसआयपी’ (ठरावीक हप्त्याने गुंतवणूक) आली, तेव्हा ‘सेबी’ या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेच्या अध्यक्षांनी तिच्यासाठी सॅशेचाच दाखला दिला होता. टिकाऊ वस्तू किंवा ज्या मालाची ऐटच दुर्मीळपणावर उभी आहे तो माल, यांना ही नीती मानवत नाही.

कचरा : पुडीची फिल्म प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर चिकटवून केलेली असते, म्हणून आतला माल दमट हवेतही टिकतो. ते थर वेगळे करणे परवडत नसल्याने तिला भंगारात भाव नाही. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी गुटखा, तंबाखू आणि पानमसाल्याच्या प्लॅस्टिक पुड्यांवरची बंदी कायम ठेवली आणि वेष्टनांचा कचरा गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. ती कागदावर कितीही चोख असली, तरी कचरा वेचणाऱ्या बाईच्या पोत्यात बाटली जाते, पुठ्ठा जातो. शॅम्पूची फाटकी पुडी न्हाणीघराच्या जाळीत अडकून तिथेच राहते.