१ जुलैची आठवण कुणालाच नाही: गोव्याच्या ‘कॉमन सिव्हिल कोड’ची पार्श्वभूमी

आपल्याकडे वर्षाचे मोठे दिवस ठरलेले आहेत. १६ जानेवारी जनमत कौलाचा, ३० मे घटकराज्याचा, १८ जून क्रांतिदिन, १९ डिसेंबर मुक्तिदिन. झेंडा, भाषणं, पुष्पचक्र सगळं होतं आणि व्हायलाच पाहिजे. पण गोव्यातल्या लग्न झालेल्या बाईचा घरादारात अर्धा वाटा ज्या कायद्यामुळे पक्का झाला तो लागू झाला १ जुलै १८७० ला, आणि ती तारीख कोर्टाबाहेर कुणाच्या तोंडून मी ऐकलेली नाही. परक्या राज्यकर्त्यांनी आणलेला म्हणून असेल, समजू शकतो. तरी आमच्या आयांचं, आज्यांचं आयुष्य त्याच कायद्यावर उभं राहिलं.

हा कोड, म्हणजे पोर्तुगीज सिव्हिल कोड, पोर्तुगालात झाला १८६७ ला, १८ नोव्हेंबर १८६९ च्या फर्मानानं तो वसाहतींत आला. मग १६ डिसेंबर १८८० ला गोव्यातल्या हिंदूंच्या रूढी सांभाळणारं वेगळं फर्मान निघालं. पुढे ५ ऑक्टोबर १९१० ला पोर्तुगालात राजेशाही गेली आणि महिन्याभरात, ३ नोव्हेंबरला, घटस्फोटाचा कायदा आला, नवरा असो की बायको दोघांनाही मागता येणारा. २५ डिसेंबरला लग्न म्हणजे सिव्हिल करार असं ठरलं. १९१० म्हणजे काय काळ होता बघा, उरलेल्या भारतात सगळीकडे हिंदू बाईला घटस्फोट कायद्यानं मिळायला १९५५ साल उजाडलं.

१८ जून १९४६, राममनोहर लोहियांच्या मडगावच्या सभेचा, तोसुद्धा मुळात नागरी हक्कांचाच दिवस, सभा घ्यायचा आणि बोलायचा हक्क. त्याच महिन्याच्या शेवटी मडगावात ‘जय हिंद’ म्हणणाऱ्या एका तरुणीला पकडलं तेव्हा बाकीच्या बायका पोलीस ठाण्यावर गेल्या, आम्हालाही पकडा म्हणून. हे दरवर्षी सांगायला हवं, सांगितलं जात नाही.

१९६१ ला पोर्तुगीज गेले, त्या मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्यानं जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले. १९६३ च्या डिसेंबरात पहिल्या विधानसभेसाठी मतदान झालं, आणि १९७३ ला शशिकला काकोडकर, एक बाई, मुख्यमंत्री झाली, गोव्यात त्यानंतर दुसरी अजून झालेली नाही. गंमत नाही, पण खरं आहे की खुद्द पोर्तुगालनं १९६६ ला नवीन कोड करून जुना मोडीत काढला. आपण मात्र तो १८६७ चाच धरून बसलो.

आता तो शब्द, ‘कॉमन’. सगळा गोंधळ इथेच आहे. टीव्हीवर चर्चा लागली की गोव्यात सगळ्यांना एकच कायदा असं ठोकून सांगतात. बऱ्याच अंशी खरंही आहे, वारशात मुलगा-मुलगी समान, धर्म कुठलाही असो. पण १८८० च्या फर्मानात हिंदू नवऱ्याला ठरावीक परिस्थितीत दुसरं लग्न करायची मुभा आहे, पहिल्या बायकोला पंचविशीपर्यंत मूल नसेल तर, किंवा तिशीपर्यंत मुलगा नसेल तर. प्रत्यक्षात कुणी वापरत नाही म्हणतात, ठीक आहे, पण कागदावर ‘मुलगा नसेल तर’ हे शब्द आहेत ना? आणि चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांसाठी १९४६ च्या फर्मानानं वेगळी वाट ठेवली, लग्न रद्द ठरवायचं तर चर्चच्या ट्रायब्युनलमधून. म्हणून मला ‘कॉमन’पेक्षा ‘कुटुंब कायदा’ हा शब्द बरा वाटतो, साधा आहे आणि जे नाही ते सांगत नाही.

खरी ताकद आहे ती अर्ध्या हिश्श्यात. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नाही तर दोघांचं सगळं सामाईक, आधीचं आणि नंतरचं, वारशानं आलेलंसुद्धा. नवरा गेला की बायकोचा अर्धा तिचाच राहतो, वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. मृत्युपत्र केलं तरी स्वतःच्या वाट्यातला अर्धाच मनासारखा देता येतो, बाकीचा मुलांचा, मुलीला बाहेर काढता येत नाही. इन्कम टॅक्सनंसुद्धा हे मानलंय, पगार सोडून घरभाडं वगैरे उत्पन्न नवरा-बायकोच्या रिटर्नमध्ये अर्धं अर्धं दाखवतात.

पण कोडनं मालकी दोघांना दिली आणि कारभार नवऱ्याच्या हातात ठेवला. बायकोच्या सहीशिवाय जमीन विकता येत नाही, एवढा लगाम. आमच्या घरचा एक प्लॉट विकला तेव्हा आई सब-रजिस्ट्रारकडे साडीचा पदर सावरत बसलेली, कॉम्प्युटरवर फोटो काढला, अंगठा घेतला, आणि ती बाबांना हळूच म्हणाली, “म्हजी सय कित्याक जाय?” (माझी सही कशाला हवी?) चाळीस वर्षं लग्नाला झालेली. लग्नाच्या वेळी रजिस्ट्रारकडे पहिली सही आणि पंधराएक दिवसांनी दुसरी सही करून ती अर्ध्याची मालक झाली, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मुलींचं म्हणाल तर बाप गेल्यावर भावांसाठी हक्क सोडल्याच्या कागदावर बहिणी सही करतात, ती प्रेमानं किती आणि माहेर तुटू नये म्हणून किती, हे त्या डीडमध्ये लिहिलेलं नसतं.

अलीकडचं सांगायचं तर वारशाचा भाग २०१२ च्या राज्याच्या कायद्यात आला, तो लागू व्हायला २०१६ चा डिसेंबर लागला. १३ सप्टेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टानं गोंयकाराची गोव्याबाहेरची, म्हणजे मुंबईतली मालमत्तासुद्धा याच कोडखाली येते असं ठरवलं. आणि २७ जानेवारी २०२५ पासून उत्तराखंडात समान नागरी कायदा सुरू झाला तेव्हा सगळीकडे ‘गोव्यासारखा’ असं छापून आलं. बायकोचा अर्धा हिस्सा मात्र त्यात नाही.