चेता-इजा आणि पुनर्जनन

चेता-इजा आणि पुनर्जनन : चेपलेली किंवा तुटलेली चेता (बोलीत 'नस') पुन्हा वाढून स्नायूपर्यंत वा त्वचेपर्यंत पोहोचण्याची प्रक्रिया. हातपाय आणि चेहऱ्यातील परिघीय चेतांमध्ये ही क्षमता असते. मेंदू व मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू) यांत ती जवळजवळ नसते. मुंबईत अशा इजा दुचाकीवरून खांद्यावर आपटल्याने, कारखान्यात प्रेसखाली हात सापडल्याने, काचेने मनगट कापल्याने होतात. संक्रांतीच्या आसपास त्यांत मांजाची भर पडते.

ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या चेता कापून पाहिल्या. पेशीपासून तुटलेला अक्षतंतूचा (चेतापेशीच्या लांब धाग्याचा) पुढचा भाग काही दिवसांत विघटित होतो, हे त्यांना दिसले. या ऱ्हासाला आजही त्यांचेच नाव आहे. हा ऱ्हास म्हणजे दुरुस्तीची पूर्वतयारीच. भक्षकपेशी मोडतोड साफ करतात, श्वॉन पेशी (अक्षतंतूला वेढून राहणाऱ्या आधारपेशी) रिकाम्या नळीत रांगेने उभ्या राहतात आणि वाढीला लागणारी रसायने सोडतात. मागच्या टोकाला फुटलेला वृद्धिशंकू (अक्षतंतूचे वाढते टोक) त्या रांगेच्या आधाराने पुढे सरकतो. हा शंकू प्रथम रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये वर्णिला.

वाढीचा वेग दिवसाला साधारण १ मिमी. पेशीच्या मुख्य भागात तयार झालेली सांगाड्याची प्रथिने अक्षतंतूतून संथपणे पुढे जातात. त्यांचा वेगही दिवसाला काही मिमीच असतो. त्यामुळे इजा कुठे झाली यावर बरेच काही ठरते. मनगटाजवळ कापलेली चेता अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूत काही महिन्यांत पोहोचू शकते. मानेजवळ तुटलेल्या चेतेला पंजा गाठायला दोन वर्षे लागतील, आणि स्नायू तेवढा थांबत नाही. चेतेविना वर्ष-दीड वर्ष गेले की तो झिजून तंतुमय होतो. मग चेता पोहोचूनही उपयोग नसतो.

वाढ कुठवर आली हे पाहण्याची जुनी, बिनखर्चाची पद्धत अजूनही वापरात आहे. डॉक्टर चेतेच्या वाटेवर बोटाने हलकेच टिचकी मारत खालून वर येतात. जिथे पुढच्या भागात झिणझिण्या उठतात तिथे रुग्ण 'इथे' म्हणतो. पुढच्या महिन्यात तो बिंदू दोन-तीन सेंटिमीटर खाली सरकलेला असेल तर वाढ चालू आहे. जूल तिनेल आणि पाउल होफमान यांनी १९१५ मध्ये स्वतंत्रपणे हे लक्षण नोंदवले. यंत्राची चाचणी (एनसीव्ही-ईएमजी, म्हणजे चेता व स्नायू यांच्या विद्युत प्रतिसादाची तपासणी) अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी करण्याची घाई अनेकांना असते. पण तुटलेला पुढचा भाग पहिले काही दिवस विजेला प्रतिसाद देतच राहतो, म्हणून पूर्ण चित्र साधारण तीन आठवड्यांनी मिळते.

परत येणारी संवेदना पूर्वीसारखी नसते. लंडनचे हेन्री हेड यांनी १९०३ मध्ये स्वतःच्या हाताची त्वचेकडे जाणारी चेता कापून घेतली आणि विल्यम रिव्हर्स यांनी पुढची चार वर्षे तिची तपासणी केली. आधी ढोबळ, नकोशी वेदना परतली. नेमका स्पर्श फार उशिरा. ढोबळ व नेमक्या संवेदनेच्या यंत्रणा वेगळ्या असतात हा हेड यांचा सिद्धांत नंतर टिकला नाही, पण ही नोंद वाचण्यासारखी आहे.

शस्त्रक्रियेचा भर अंतर व वेळ वाचवण्यावर असतो. स्वच्छ कापलेली टोके सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात, मध्ये खिंड असेल तर पोटरीतली चेता कलम करतात. चेतेचे मूळच मेरुरज्जूतून उपटले असेल तर शेजारच्या चेतेचा एखादा गुच्छ स्नायूजवळ जोडतात. कोपर वाकवण्यासाठी अल्नर (हाताच्या करंगळीकडच्या) चेतेचा गुच्छ वापरण्याची ओबर्लिन यांची पद्धत १९९४ ची.

कुष्ठरोगाच्या इतिहासामुळे मुंबईचा या विषयाशी जुना संबंध आहे. वडाळ्याचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० पासूनचे. कुष्ठरोगाचा जंतू श्वॉन पेशीतच शिरतो, म्हणजे दुरुस्ती करणारी यंत्रणाच पोखरतो. कोपराजवळची चेता जाड होते, बोटे वाकडी पडतात, बधिर हाताला चटका कळत नाही. जे. जे. रुग्णालयाचे प्लास्टिक सर्जन नोशिर अंतिया (१९२२–२००७) यांनी अशा हातांवर व चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. वरळीत त्यांनी उभारलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये जंतू आणि श्वॉन पेशी यांच्या संबंधावर संशोधन झाले. शल्यकक्षातला प्रश्न प्रयोगशाळेत नेणारे असे डॉक्टर तेव्हा थोडेच होते. कुष्ठरोगात चेतेचे काम बिघडून सहा महिने उलटण्याआधी प्रेडनिसोलोन (दाह कमी करणारे औषध) सुरू झाले तर ते बऱ्याचदा सुधारते.

मेरुरज्जूत वाढ का थांबते? १९८१ मध्ये सॅम्युएल डेव्हिड व ॲल्बर्ट ॲग्वायो यांनी उंदरांमध्ये परिघीय चेतेचा पूल बसवला, तेव्हा मेरुरज्जूतले अक्षतंतू त्यातून वाढले. म्हणजे या पेशी अगदीच हतबल नसतात. परिसरच त्यांना अडवतो. वसावरणातील (अक्षतंतूभोवतीच्या चरबीच्या आवरणातील) नोगोसारखी प्रथिने आणि व्रणातील शर्करायुक्त प्रथिने त्यांपैकी आहेत. अर्थात पेशीची स्वतःची वाढीची ताकदही वयाबरोबर घटते.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चेतापेशींतील मालवाहतुकीचा अभ्यास होतो. संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा सी. एलेगन्स या १ मिमी लांबीच्या पारदर्शक कृमीत पुटिका (माल वाहणाऱ्या सूक्ष्म पिशव्या) कशा धावतात, कुठे अडकतात हे जिवंतपणी पाहते. या कृमीत ३०२ चेतापेशी असतात, आणि लेसरने एकच अक्षतंतू कापून त्याची वाढ पाहता येते. हे तंत्र २००४ मध्ये प्रथम वापरले गेले. त्यातूनच २००९ मध्ये डीएलके-१ हे प्रथिन नसेल तर वाढीचा शंकूच फुटत नाही, हे कळले.