सीमाभागातील बौद्धिक अक्षमता : जाणीवजागृतीच्या कामाची पार्श्वभूमी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याच्या ३९व्या कलमाने समाजात जाणीवजागृती करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे हल्याळ-जोयड्यापर्यंतच्या मराठी वस्तीत ही जबाबदारी पार पाडायला जे निघतात, त्यांची समजूत बहुधा अशी असते की गावात अज्ञान आहे आणि आपण ज्ञान घेऊन जात आहोत. ही समजूत अर्धीच खरी आहे. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार यांची गल्लत गावकऱ्यांनी एकट्याने केलेली नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ कायद्याने आणि जनगणनेनेही तीच केली. पुढे कायद्याने ती सुधारली, पण सुधारणेची बातमी इथल्या घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषेत फारशी आलीच नाही.

शाळा घरोघरच्या मुलांना लागू होण्यापूर्वी सौम्य बौद्धिक अक्षमता शेतकरी कुटुंबात वेगळी उठून दिसत नसे. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात गुरे वळणे, शेण काढणे, पाणी भरणे, भाताच्या खळ्यावर राखण करणे अशी कामे रोज त्याच क्रमाने होत, आणि ज्याला हिशेब जमत नाही त्यालाही ती जमत. अशा माणसाला ‘भोळं’ किंवा ‘खुळं’ म्हटले जाई, कधी मायेने, कधी हेटाळणीने, पण त्याचे ताट घरात वाढले जाई. जुन्या गावगाड्यात अशी माणसे सुखाने सामावली होती, असे चित्र यावरून काही जण रंगवतात. ते मला पटत नाही. ज्याला तीव्र अक्षमता होती, ज्याला स्वतःचे अंग धुता येत नव्हते, तो आतल्या खोलीतच राही. मुलीचे हाल त्याहून वेगळे आणि जास्त होते. जमिनीच्या वाटणीत भोळ्या भावाचा अंगठा सर्वांत आधी घेतला जाई. ‘लग्न केलं की ठिकाणावर येईल’ हा सल्ला तर आजही दिला जातो, आणि त्यात फसवणूक दोघांची होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने वर किंवा वधू जडबुद्धी वा वेडी नसावी अशी अट घातली होती आणि १९७६ च्या दुरुस्तीने तिची भाषा बदलली. गावातल्या सोयरिकीवर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य होता.

मूल तीन-चार वर्षांचे होऊन बोलेना, की वाट देवस्थानाकडे जाई. सौंदत्तीची यल्लम्मा, रायबाग तालुक्यातील चिंचलीची मायाक्का, कृष्णाकाठचे नृसिंहवाडी आणि दूरचे गाणगापूर ही या भागातल्या मराठी आणि कन्नड दोन्ही घरांची ठिकाणे आहेत. ‘बाहेरचं’ असेल तर ते उतरवण्यासाठी गाणगापूरला मुक्काम करण्याची रीत जुनी आहे. या फेऱ्यांत घरच्यांना धीर मिळतो हे नाकारण्यात अर्थ नाही. तोटा वेळेचा होतो, कारण बोलणे, चालणे आणि स्वतःचे काम स्वतः करणे शिकवण्यासाठी पहिली पाच-सहा वर्षे सर्वांत मोलाची असतात आणि नेमकी तीच नवसांत जातात. यल्लम्माच्या संदर्भात आणखी काळी बाजू आहे. अपंग किंवा मंदगतीच्या मुलीला देवीला सोडून देण्याचे प्रकार देवदासी प्रथेच्या अभ्यासकांनी नोंदवले आहेत. मुंबई प्रांताने १९३४ मध्ये आणि कर्नाटकाने १९८२ मध्ये या प्रथेविरुद्ध कायदे केले.

सरकारी दप्तरात त्या काळी काय लिहिले जात होते, हेही पाहिले पाहिजे. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्याच्या व्याख्येत जन्मतः बुद्धी कमी असलेली व्यक्ती आणि मनाचा आजार झालेली व्यक्ती एकाच शब्दाखाली घातलेली होती, आणि दोघांसाठी दार एकच होते, ते म्हणजे वेड्यांचे रुग्णालय. धारवाडला असे रुग्णालय एकोणिसाव्या शतकातच निघाले होते, आणि ‘याला धारवाडला पाठवायला पाहिजे’ ही चेष्टा बेळगावात आजही ऐकू येते. हा कायदा ८० वर्षांहून अधिक टिकला. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रथम स्पष्ट केले की मतिमंदत्व (बौद्धिक अक्षमतेचे तेव्हाचे नाव) हा मानसिक आजार नव्हे, आणि त्याची अंमलबजावणी सुरू व्हायला १९९३ उजाडले. जनगणनेची कथा याच वळणाची आहे. १८७२ पासून १९३१ पर्यंत अंध, मूकबधिर, कुष्ठरोगी यांच्याबरोबर वेड्यांची मोजणी होत होती. पुढे हे प्रश्नच वगळले गेले. १९८१ मध्ये अपंगत्वाचा प्रश्न परतला तो अंध, पांगळे आणि मुके यांच्यापुरता. २००१ मध्ये ‘मानसिक’ असा एकच रकाना होता आणि दोन्ही गट वेगवेगळे मोजले गेले ते थेट २०११ मध्ये, तेव्हा देशात मतिमंदत्वाची नोंद सुमारे १५ लाख भरली. प्रगणक ज्या घरात बसून विचारतो, त्या घरानेच सांगितले तर नोंद होते. त्यामुळे हा आकडा लपवाछपवीसह वाचावा लागतो.

या सगळ्यात एक काम मात्र याच प्रदेशात आणि फार लवकर झाले. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी चाचणी तयार केली आणि १९१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात तिची सुधारित आवृत्ती निघाली. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजशी संबंधित असलेल्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात तिचे भारतीय रूप सिद्ध केले, आणि ते एकाच वेळी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. मुंबई प्रांताच्या या दक्षिण भागात मुले दोन भाषांत वाढतात, हे त्यांना कुणी सांगावे लागले नव्हते. भाषेचा प्रश्न इथे शोभेचा का नाही, हे चाचणीतच दिसते. मूळ स्टॅनफर्ड चाचणीत चार वर्षांच्या मुलाला विचारतात, ‘झोप आली तर काय करशील? थंडी वाजली तर? भूक लागली तर?’ त्याला चार नाणी मोजायला लावतात, चौकोन पाहून काढायला सांगतात. पाच वर्षांच्या मुलाला तीन कामे एका दमात सांगतात आणि ती त्याच क्रमाने होतात का ते पाहतात. घरी फक्त मराठी ऐकलेल्या मुलाला ‘भूक लागली तर काय करशील’ हे कन्नडमध्ये विचारले, तर ते गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याचे गुण कापले जातात. बिने-कामत चाचणी अनेक दशके देशभर वापरली गेली. तिच्या दोन भाषांमागचे शहाणपण मात्र पुढच्या योजनांत उतरले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि कारवार जिल्हे मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. सीमावादाचा इतिहास इथे सांगण्याचे कारण नाही. या विषयापुरती त्याची एक बाजू महत्त्वाची आहे. मराठीतले या क्षेत्रातले काम मुंबई-पुण्याकडे उभे राहत होते. मुंबईत एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ मध्ये सुरू केलेली जय वकील शाळा आणि पुण्यातील १९६४ ची कामायनी ही त्यातली ठळक नावे. पुढे कोल्हापुरात चेतना अपंगमती विकास संस्था उभी राहिली. राज्ययंत्रणा मात्र बेंगळुरूकडे पाहत होती. तिथे मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातली निम्हान्ससारखी नामवंत संस्था होती, आणि १९८५ नंतर बळ्ळारी जिल्ह्यात तिने केलेल्या प्रयोगावर पुढे देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम बेतला गेला. तो कार्यक्रम उत्तम होता, पण त्याचा भर स्वाभाविकच आजार आणि औषधे यांवर होता. परिणामी गावात आलेल्या पथकाकडे आई आपल्या मुलाला घेऊन जाई ती ‘गोळी द्या, म्हणजे बोलेल’ अशा आशेने. निपाणीच्या कुटुंबाला कोल्हापूरची शाळा जवळ होती, भाषाही आपली होती, पण पेन्शन आणि सवलती मिळणार त्या बेळगावच्या कार्यालयातून, कन्नड अर्जावर. बेळगाव शहरात पर्याय होते. खानापूरच्या जंगलपट्ट्याला दोन्ही दिशा लांबच पडल्या.

१९९४ मध्ये महाराष्ट्रात एक प्रकरण गाजले. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली आणि त्यावर मराठी वृत्तपत्रांत प्रचंड वाद झाला. मराठी पेपर वाचणाऱ्या बेळगावलाही तो ठाऊक झाला. मतिमंद मुलीलाही शरीर असते, पाळी येते, तिचा म्हणून एक हक्क असतो, ही चर्चा जाहीरपणे होण्याचा असा प्रसंग पूर्वी क्वचितच आला होता. अनेक पालकांनी त्या वेळी शस्त्रक्रियेची बाजू घेतली, हेही नमूद केले पाहिजे. त्यांच्यामागे दुष्टपणा नव्हता. मुलीला पाळीची स्वच्छता पायरीपायरीने शिकवता येते, हे त्यांना कधी कुणी दाखवलेच नव्हते.

आरोग्यखात्याच्या अंगाने जागृती वेगळ्या वाटेने आली. बौद्धिक अक्षमतेच्या टाळता येण्याजोग्या कारणांत जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणे हे एक मोठे कारण आहे. ‘जन्मल्यावर बाळ लगेच रडलं नाही’ हे वाक्य आयांच्या बोलण्यात वारंवार येते ते त्यामुळेच. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने जिल्ह्यातील प्रसूती आणि नवजात बालकांवर दीर्घकाळ संशोधन केले असून, न रडणाऱ्या बाळाला पहिल्याच मिनिटात श्वास घ्यायला लावण्याचे प्रशिक्षण दाई-नर्सना देण्याच्या कामातही त्याचा सहभाग होता. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरली आणि वाढीतला विलंब हा तिचा एक भाग झाला. नात्यातल्या लग्नांचा विषय मात्र सर्वांत नाजूक ठरला. मामाची मुलगी करणे मराठी घरांत रूढ आहे, शेजारच्या काही कन्नड समाजांत सख्ख्या भाचीशीही लग्न होते, आणि अशा लग्नांत काही आनुवंशिक विकारांचा धोका वाढतो. हे सांगणे आवश्यकच आहे. पण ज्या घरात मूल आहे, त्या घरासमोर तेच भाषण केले की सासू सुनेच्या माहेराकडे बोट दाखवते. प्रतिबंधाचे बोलणे लग्न ठरण्याआधीच्या श्रोत्यांपुढे आणि स्वीकाराचे बोलणे पालकांपुढे, एवढा भेद अनेक कार्यक्रमांत आजही पाळला जात नाही.

कायद्यांची मालिका थोडक्यात सांगता येईल. १९९५ च्या कायद्याने मतिमंदत्वाला अपंगत्वाच्या सात प्रकारांत स्थान दिले. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याने पालकत्वाची व्यवस्था केली. २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले आणि बौद्धिक अक्षमतेची व्याख्या करताना बुद्धीबरोबर दैनंदिन व्यवहार जमण्यालाही सारखेच महत्त्व दिले. या कायद्याखालचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे, ही तरतूद सीमेवरच्या घरांना विशेष उपयोगाची असूनही फार थोड्यांना माहीत असते.

हे प्रमाणपत्र मिळण्याचा दिवस जवळून पाहण्यासारखा असतो. खानापूर तालुक्यातल्या गावातून पहाटेच्या बसने निघालेली आई मुलाला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत उभी राहते. मुलाला गर्दी सोसत नाही, ते ओरडते, लोक वळून पाहतात. आत प्रश्नावलीतले प्रश्न साधे असतात : हाताने जेवतो का, बटणे लावतो का, एकटा दुकानात जाऊन वस्तू आणतो का. सामाजिक परिपक्वतेच्या या मोजपट्टीचे भारतीय रूप नागपूरच्या डॉ. ए. जे. मालिन यांनी केले होते. समोरच्या कर्मचाऱ्याला मराठी येत असेल तर आई सविस्तर सांगते. येत नसेल तर ती ‘होय’, ‘नाही’ एवढ्यावर येते, आणि कधी लाजेपोटी मुलाला येत नाही तेही येते म्हणून सांगते. त्यावरून टक्केवारी ठरते आणि टक्केवारीवरून पेन्शन. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे संकेत देशपातळीवर ठरलेले आहेत. ती मागणी इथे बहुधा फलकांसाठी आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांसाठी होते. अपंगत्वाच्या अर्जासाठी ती कुणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

व्यवहारात काम पुढे नेले ते गावातल्याच माणसांनी. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, पंचायतीतर्फे नेमलेला पुनर्वसन कार्यकर्ता, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयातून घरी येऊन शिकवणारा विशेष शिक्षक यांना दोन्ही भाषा येतात आणि कोणत्या घरात कोणते मूल आत ठेवले आहे तेही ठाऊक असते. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाची फेरी निघते, फोटो होतात. त्यापेक्षा हळदीकुंकवात किंवा स्वसाहाय्य गटाच्या बैठकीत एका आईने दुसरीला सांगितलेले जास्त टिकते, असा या क्षेत्रातल्या लोकांचा अनुभव आहे.

या कामाचा रोख अजून मुलांवरच आहे आणि प्रौढांविषयी फारसे बोलले जात नाही, हे मला सर्वांत मोठे अपुरेपण वाटते. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. बहुतेकांना हे बँकेत खाते काढताना किंवा वाटणीच्या वेळी कळते. पालक म्हणून नेमलेल्याने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करायचा असतो. ज्या भावकीत भोळ्या भावाची जमीन इतरांच्या नांगराखाली कधी गेली हे कुणी विचारत नाही, तिथे ही एक तरतूद मराठीत छापून प्रत्येक पंचायतीत लावली, तरी पुष्कळ वाद कोर्टात जाण्याआधीच मिटतील.