डिक्कीतली दुमडलेली स्टेपनी

जुन्या पोर्शे 911चे पुढचे झाकण उघडले की स्टेपनीचा प्रश्न लगेच लक्षात येतो. इंजिन मागे, म्हणून डिक्की पुढे. त्याच जागेत पेट्रोलची टाकी आहे, आणि उरलेल्या खळग्यात फुगलेले, पूर्ण मापाचे चाक सहज बसत नाही. म्हणून 1970च्या दशकापासून 911मध्ये, आणि जागा वाचवायला 924, 944, 928 अशा पुढे इंजिन असलेल्या गाड्यांतही, दुमडणारी स्टेपनी दिली गेली. त्याआधी, 1960च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेत गुडरिच कंपनीने कॅमॅरो आणि फायरबर्डसाठी असाच टायर काढला होता. त्यात हवा भरायला सोबत दाबाखालच्या वायूचा डबा मिळायचा. पोर्शेने डब्याऐवजी 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर दिला.

(आपल्याकडे घराघरात रुळलेला ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. पंक्चर चाकावर बाहेरून अडकवायची, हवा भरलेला टायर चढवलेली रिम तिथे 1904 साली निघाली.)

या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, मोकळ्या अवस्थेत भात्यासारखी आत वळलेली असते आणि ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग, रिमला जवळजवळ चिकटून बसतो. घडी हीच त्याची आरामाची अवस्था. हवा भरली की तो ताणला जातो, हवा काढली की हळूहळू मूळच्या घडीत परततो. हे ‘हळूहळू’ लक्षात ठेवा, पुढे त्याचा त्रास होणार आहे.

गोव्यात ही स्टेपनी कधी काढावी, याबद्दल आमचे मत सरळ आहे. ट्रेडमध्ये खिळा घुसला असेल तर टायर चाकावरच ठेवून पंक्चर किटची पट्टी घालावी आणि हवा भरून निघावे. स्टेपनी राखून ठेवायची ती साइडवॉल फाटण्याच्या प्रसंगासाठी. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही. कमी उंचीचा टायर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चिमटला की साइडवॉलचे धागे तुटतात, आणि तिथे पट्टी टिकत नाही. आता बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर स्टेपनीची सक्ती नको, असा बदल केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2020 साली झाला. फाटलेल्या साइडवॉलपुढे मात्र ते किट हात टेकते.

चाक बदलण्याची सुरुवात नेहमीसारखीच. हँडब्रेक, पहिला गिअर, आणि कर्णरेषेतल्या समोरच्या चाकाला अडसर. अडसराला रस्त्याकडेचा जांभ्याचा चिरा चालतो. पण तोच चिरा गाडीखाली टेकू म्हणून कधीही लावू नये. जांभा सच्छिद्र असतो, एका बिंदूवर भार आला की त्याचा भुगा होतो. पावसात रस्त्याकडेच्या तांबड्या चिखलात जॅक रुतून तिरका होतो, म्हणून साधारण एक फूट लांब-रुंद, जाड प्लायवुडचा तुकडा गाडीत असावा. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत, मग गाडी उचलावी.

पुढचा क्रम चुकला की टायर जातो. दुमडलेली स्टेपनी आधी हबवर, म्हणजे चाक जिथे जोडतात त्या मधल्या भागावर, बसवायची, नट हाताने आवळायचे, गाडी जॅकवर असतानाच हवा भरायची, आणि पूर्ण दाब आल्यावरच गाडी खाली घ्यायची. हवा न भरता खाली घेतली तर गाडीचा सगळा भार घडीवर येतो आणि आतले धागे तिथेच तुटतात. टायर वरून धड दिसतो, फुटतो नंतर, चालताना.

दाब किती हवा ते स्टेपनीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. उदाहरणापुरता 2.5 बार, म्हणजे 36 पीएसआय धरू. 165/70-16 मापाचा टायर फुगल्यावर आत सुमारे 25 लिटर जागा होते. वातावरणाचा 1 बार मिळवला तर एकूण दाब 3.5 बार, म्हणजे साध्या दाबाची 87 लिटर हवा. घडीत आधीच दहाएक लिटर असेल असे मानले, तर कॉम्प्रेसरला आणखी 77 लिटर ढकलायची आहे. मिनिटाला 10 लिटर देणाऱ्या कॉम्प्रेसरला आठ मिनिटे लागतील, प्रत्यक्षात थोडी जास्त. दाब वाढेल तसा प्रत्येक फेरीत कमी हवा पुढे सरकते, म्हणून शेवटचा अर्धा बार सगळ्यात रेंगाळतो. हवा दाबली की तापते आणि पिस्टनही तापतो. सलग दहा मिनिटांनंतर या छोट्या यंत्राला विश्रांती द्यावी. ते 10 अँपिअरच्या आसपास वीज ओढते, पण एवढ्या वेळात धड बॅटरी उतरत नाही, म्हणून गिअरमध्ये उभ्या, जॅकवरच्या गाडीचे इंजिन बंदच ठेवावे.

या संथपणाचा फायदाही आहे. घड्या एकामागून एक उलगडतात आणि मध्येच ‘फट्’ असा आवाज येतो. एखादी घडी अडकून टायर एका बाजूला फुगायला लागला तर लगेच थांबता येते. पंक्चरवाल्याच्या टाकीत 8-10 बार दाब असतो. त्या नळीने एका दमात भरले तर ही संधी मिळत नाही. तिथे भरायचीच वेळ आली तर थोडी थोडी, थांबून भरायला सांगावे. कुठेही भरत असलात तरी साइडवॉलसमोर बसू नका, ट्रेडच्या दिशेला उभे राहा.

गाडी खाली घेतल्यावर नट फुलीच्या क्रमाने आवळावेत. जुन्या 911साठी 130 न्यूटन-मीटर लागतात. 30 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर हे साधारण 44 किलोचे वजन टाकल्यासारखे आहे. पान्यावर उभे राहून उड्या मारण्याची गरज नाही.

वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर. हा टायर अरुंद, ट्रेड कमी खोल, म्हणून ओल्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर वाढते. मागच्या, इंजिनाने फिरणाऱ्या चाकाजागी तो लावला तर आणखी एक अडचण येते. दोन बाजूंच्या चाकांचा घेर वेगळा, म्हणून वळणावर दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहते. एकाच चाकाचे घसरणे रोखणारा लिमिटेड स्लिप प्रकार असेल तर त्याच्या प्लेटा तापतात. पुढचे चाक मागे लावून सुटका करावी, तर बऱ्याच 911मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांची रुंदी वेगळी. तेव्हा म्हापशाला टायर फाटला तर पणजीच्या दुकानापर्यंत जावे. चोर्ला किंवा अनमोड घाट या चाकावर चढू नये.

काम झाले की हवा काढायची. आधी व्हॉल्व्हची पिन दाबून दाब उतरवावा, मग ती फिरवून काढावी. भरल्या टायरची पिन थेट काढली तर ती गोळीसारखी उडते. त्यानंतर टायर काही तास तसाच पडू द्यावा. रबराला परत आकसायला वेळ लागतो, पाय देऊन किंवा दोरीने आवळून घडी नीट बसत नाही. रात्रभर ठेवल्यावर पिन आणि टोपी परत लावावी. पिन विसरली तर पुढच्या वेळी कॉम्प्रेसर कितीही चालवा, हवा राहणार नाही.

ठेवणीत गोव्याची हवा आड येते. खारे वारे आणि पावसाळ्यातली दमट डिक्की लोखंडी रिमची कड गंजवतात, आणि टायर जिथे रिमला घट्ट बसतो तिथूनच हवा गळायला लागते. रबराचा शत्रू मात्र ओझोन. टायरच्या रबरात संरक्षक मेण मिसळलेले असते. रोजच्या चालण्यात टायर वाकतो, तसे ते पृष्ठभागावर येत राहते. वर्षानुवर्षे न हललेल्या स्टेपनीत ही क्रिया मंदावते. घडीच्या खोबणीत पडलेल्या बारीक भेगा दुमडलेल्या अवस्थेत दिसत नाहीत, त्या उघडतात फुगवताना. म्हणून मृग लागायच्या आधी, मे महिन्यात, वर्षातून एकदा घड्या बोटांनी अलग करून टॉर्चने पाहाव्यात. कॉम्प्रेसर एक मिनिट चालवावा आणि फ्यूज तपासावा. साइडवॉलवरच्या लांब क्रमांकाच्या शेवटी ‘2314’ असेल तर टायर 2014 सालच्या 23व्या आठवड्यातला. शेवटी तीनच आकडे असतील तर तो 2000 सालाआधीचा. असा टायर भेगा नसल्या तरी आम्ही रस्त्यावर वापरणार नाही, मूळ गाडीची शोभा म्हणून डिक्कीत राहू दे.

राहता राहिला पंक्चर झालेल्या चाकाचा प्रश्न. दुमडलेली स्टेपनी बाहेर आली, पण तिच्या खळग्यात पूर्ण मापाचे चाक मावत नाही. अशा गाड्यांत चिखलाचे चाक गुंडाळायला प्लॅस्टिकची पिशवी मिळायची. ती आता फाटली असेल तर खताची रिकामी गोण चालते. चाक मागच्या सीटवर, आणि दोनच सीट असतील तर शेजारच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. सोबतच्या माणसाने मग पिवळ्या-काळ्या मोटरसायकलचा, भाड्याने माणसे नेणारा पायलट गाठावा.